गहाणमुक्तीची घाई आणि सहसंचयकांचा वाटा : इंग्लंडातील विसर्जनशील गृहबांधणी मंडळ्यांचा एक अभ्यास (१७७५–१८९४)

१. विषयाचे स्वरूप

गहाण सोडविणे ही सामान्यतः धनको आणि ऋणको या दोघांमधील बाब मानली जाते. ऋणकोने काटकसर केली, चार पैसे गाठीस बांधले आणि मुदतीपूर्वी कर्ज फेडले तर त्याचे कौतुक होते. त्याच्या या कृतीने तिसऱ्या कोणाचे काही साधते किंवा बिघडते असा विचार सहसा केला जात नाही. परंतु ज्या संस्थेत धनको आणि ऋणको एकाच पंक्तीस बसलेले असतात, ज्यांच्या शिलकेतून एकाचे घर उभे राहते तेच उद्या त्याच निधीतून आपले घर मिळावे म्हणून थांबलेले असतात, त्या संस्थेत मुदतपूर्व फेड ही खाजगी बाब राहत नाही. तेथे ती सर्व सहसंचयकांबरोबर करावयाचा हिशेब ठरते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात उदयास आलेल्या गृहबांधणी मंडळ्या हे अशा संस्थेचे उत्कृष्ट उदाहरण होय. त्यांचा इतिहास सीमूर प्राइस (१९५८) आणि ई. जे. क्लीअरी (१९६५) यांनी विस्ताराने लिहिला आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू त्या इतिहासाची पुनरुक्ती करण्याचा नाही. लवकर मोकळा होऊ पाहणारा सभासद आणि मागे राहणारे सभासद यांच्यामधील न्याय्य हिशेब कोणता, या एकाच प्रश्नाच्या आधारे त्या मंडळ्यांची घडण व त्यांचे पुढील रूपांतर तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

२. उगम

ज्ञात असलेली पहिली गृहबांधणी मंडळी १७७५ मध्ये बर्मिंगहॅम येथे निघाली. स्नो हिल भागातील ‘गोल्डन क्रॉस’ या खानावळीचा चालक रिचर्ड केटली याच्या नावाने ती ओळखली जाते. धातुकामाच्या लहानमोठ्या कारखान्यांनी गजबजलेल्या या शहरात नियमित मिळकत असलेला कारागिरांचा व छोट्या व्यापाऱ्यांचा एक वर्ग तयार झाला होता. दरमहा काही शिलिंग बाजूस टाकण्याची ऐपत या वर्गास होती. घर विकत घेण्याइतकी एकरकमी पुंजी मात्र नव्हती. सभासदांनी महिन्यातून एकदा जमावे, ठरलेली वर्गणी द्यावी, घराच्या किमतीएवढी रक्कम जमली की चिठ्ठ्या टाकून किंवा बोली लावून ती एका सभासदास द्यावी, त्याने घेतलेले घर मंडळीच्या विश्वस्तांकडे गहाण राहावे आणि त्याने पूर्वीप्रमाणेच वर्गणी भरीत राहावे, अशी ही योजना होती. सर्वांचा वाटा पुरा झाला की गहाणे मोकळी होत, हिशेब मिटत आणि मंडळी विसर्जित होई. म्हणूनच या पहिल्या प्रकारास येथे ‘विसर्जनशील मंडळी’ असे म्हटले आहे.

ही पद्धती लवकरच मिडलंड्स व उत्तर इंग्लंड या प्रदेशांत पसरली. लँकाशायरमधील लाँगरिज येथे १७९३ मध्ये स्थापन झालेल्या मंडळीने पुढील सुमारे दहा वर्षांत बांधलेली दगडी घरांची ओळ ‘क्लब रो’ या नावाने आजही उभी आहे. एकाच साच्याची, एकमेकांस भिंत लावून बांधलेली ती घरे पाहिली असता प्रत्येक घर शेजाऱ्यांच्या वर्गणीतून उठले होते ही गोष्ट सहज पटते.

आरंभी या मंडळ्यांना कायद्याचा निश्चित आधार नव्हता. ग्रिनिचमधील १८०९ च्या एका मंडळीसंबंधी ‘प्रॅट विरुद्ध हचिन्सन’ हा खटला १८१२ मध्ये चालला आणि अशा मंडळ्या बेकायदेशीर नाहीत असा निर्वाळा मिळाला. पुढे १८३६ च्या कायद्याने त्यांना रीतसर मान्यता मिळाली. या कायद्यातील तीन तरतुदी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, एका भागाची रक्कम १५० पौंडांहून आणि त्यावरील मासिक वर्गणी २० शिलिंगांहून अधिक असू नये. मंडळी अल्प मिळकतीच्या लोकांचीच राहावी हा त्यामागील हेतू स्पष्ट दिसतो. दुसरी अशी की, रक्कम लवकर मिळावी म्हणून सभासदाने जी सूट सोडावयाची ती व्याजबंदीच्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहील. शेकडा ५ हून अधिक व्याज घेण्यास इंग्लंडात १८५४ पर्यंत मनाई होती हे लक्षात घेतल्यास या सवलतीचे महत्त्व कळून येते. तिसरी तरतूद गहाणमुक्तीसंबंधी होती. कर्ज फिटल्यावर विश्वस्तांनी गहाणखताच्या पाठीवर पावती लिहून दिली की गहाण आपोआप रद्द व्हावे, त्यासाठी वेगळे पुनर्हस्तांतरपत्र करण्याची गरज राहू नये, असे कायद्याने ठरविले. वकिलाचा खर्च वाचला आणि गहाणमुक्तीचा अखेरचा विधी कागदाच्या पाठीवरील काही ओळींवर आला.

तथापि ती पावती केव्हा द्यावयाची, कोणती रक्कम घेऊन द्यावयाची, हा प्रश्न कायद्याने सोडविला नव्हता.

३. हिशेबाची घडण

या प्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी त्या काळच्या व्यवहारास धरून एक नमुना घेणे सोयीचे होईल. भागाची रक्कम १२० पौंड, मासिक वर्गणी १० शिलिंग म्हणजे वर्षास ६ पौंड, आणि व्याजाचा दर शेकडा ५ असे मानू. नुसती वर्गणी साठवीत गेल्यास १२० पौंड होण्यास २० वर्षे लागतील. परंतु वर्गणी चक्रवाढीने गुंतविली तर तीच रक्कम सुमारे १४ वर्षे २ महिन्यांत पुरी होते. इतक्याच काळात शेकडा ५ दराने कोणतीही रक्कम दुप्पट होते. अर्थात मुदतीअखेर मिळावयाच्या १२० पौंडांचे आरंभीचे मोल ६० पौंड ठरते.

यावरून मंडळीची सारी रचना उलगडते. जो सभासद अखेरपर्यंत थांबतो त्यास १२० पौंड मिळतात. जो आरंभीच घर घेतो त्यास ६० पौंड मिळतात. आणि दोघेही दरमहा १० शिलिंगच भरतात. पहिला सावकार नव्हे आणि दुसरा कूळ नव्हे. एकाने काळ दिला आहे, दुसऱ्याने काळ घेतला आहे, एवढाच त्यांच्यातील भेद. मंडळीत असे शंभर सभासद असतील तर वर्षाची एकूण वर्गणी ६०० पौंड होईल, म्हणजे पहिल्या वर्षी दहा जणांच्या घरांची सोय लागेल आणि नव्वद जण थांबतील. त्या दहांच्या घरांचा पाया नव्वदांच्या थांबण्यावर घातलेला असतो.

आता अशी कल्पना करू की, आरंभीच ६० पौंड घेतलेला एक सभासद सात वर्षांनी गहाण सोडवू इच्छितो. त्याचा धंदा चालला असेल, त्यास दुसऱ्या गावी जावयाचे असेल, किंवा तो मृत्यू पावून त्याच्या वारसांना घर विकावयाचे असेल. त्याने आजवर ४२ पौंड भरले आहेत. तो म्हणेल, ‘साठ घेतले, बेचाळीस दिले, अठरा उरले.’ मंडळीचा चिटणीस म्हणेल, ‘मुदत सरेपर्यंत तुम्ही वर्गणी देण्याचे कबूल केले आहे, सात वर्षे दोन महिन्यांचे ४३ पौंड आताच द्यावे.’ दोन्ही हिशेब चुकीचे आहेत. पहिल्यात व्याजाचा विसर पडला आहे, तर दुसऱ्यात पुढे द्यावयाचे पैसे आज घेतल्याने मंडळीस जे व्याज सुटते त्याचा विसर पडला आहे. उरलेल्या वर्गण्यांचे आजचे मोल काढल्यास खरी बाकी सुमारे साडेपस्तीस पौंड येते.

हे गणित आज पदवीपूर्व वर्गातील विद्यार्थीही करील. परंतु खानावळीच्या खोलीत महिन्यातून एकदा जमणाऱ्या सुतार-लोहारांना ते सहज उमगणारे नव्हते, आणि अनेक मंडळ्यांच्या नियमांत याविषयी संदिग्धता होती. परिणामतः असे वाद चॅन्सरी न्यायालयापर्यंत पोहोचले. १८५४ चा ‘फ्लेमिंग विरुद्ध सेल्फ’ हा खटला याच वर्गातील होय.

४. मंडळीचे वय आणि फेडीचे मोल

गणित जुळले तरी प्रश्न संपत नव्हता. याची कारणे दोन होती, आणि दोन्ही मंडळीच्या विसर्जनशील स्वरूपातून उद्भवली होती.

पहिले कारण असे की, मंडळी केव्हा संपेल हे कोणासच निश्चित ठाऊक नसे. तिची मुदत पंचांगातील तारखेने ठरलेली नव्हती. सर्वांचे भाग पुरे होतील तो दिवस तिचा शेवटचा. वर्गण्या थकल्या, एखाद्या घराची किंमत उतरली, खजिनदाराने अपहार केला, तर चौदा वर्षांची मंडळी सोळा वर्षे चाले. वरील नमुन्यात मुदत दोन वर्षांनी वाढली तर प्रत्येक भागामागे १२ पौंड अधिक भरावे लागतील. सातव्या वर्षी साडेपस्तीस पौंड देऊन मोकळा झालेला सभासद या भारातून सुटतो. त्याच्या वाट्याचा धोका मागे राहिलेल्यांवर पडतो. उलट मंडळीची भरभराट होऊन ती बारा वर्षांतच संपली तर लवकर फेडणाऱ्याने गरजेहून अधिक दिले असे होईल. सारांश, लवकर मोकळे होण्याची किंमत ठरविणे म्हणजे मंडळीच्या भवितव्याविषयी भाकीत करणे होते.

दुसरे कारण याहून सूक्ष्म आहे. मुदतपूर्व फेडीने आलेली रक्कम मंडळीस पुन्हा कोणास तरी द्यावी लागे, कारण पडून राहिलेल्या पैशावर व्याज येत नाही. मंडळी तरुण असता घरासाठी थांबलेल्यांची रांग मोठी असते. अशा वेळी कोणी गहाण सोडविले तर त्या पैशांतून रांगेतील पुढच्या सभासदाचे घर लवकर होते. एकाची घाई दुसऱ्याच्या उपयोगी पडते. परंतु मंडळी उतारवयास लागली की चित्र पालटते. ज्यांना घर हवे होते त्यांना ते मिळालेले असते. उरलेले सभासद केवळ शिलकेसाठी थांबलेले असतात. मुदतीस दोन वर्षे उरली असता गहाणखताचा खर्च करून कर्ज घेण्यास कोण तयार होणार? या अवस्थेत पैसा पडून राहू लागे. ही अडचण इतकी खरी होती की काही मंडळ्यांत चिठ्ठ्या टाकून, ज्याचे नाव निघेल त्याने गरज नसतानाही रक्कम उचलावी अशी सक्ती करण्यात येई. कर्ज मिळावे म्हणून ज्या चिठ्ठ्या आरंभी टाकल्या जात, त्याच शेवटी कर्ज गळ्यात पडावे म्हणून टाकल्या जात! अशा वेळी गहाण सोडविण्यास आलेला सभासद आपल्याबरोबर पडीक पैशाची आणखी एक रास घेऊन येत असे. त्याचे व्याज वाचे. ते बुडे मागे राहिलेल्यांचे.

तेव्हा एकच कृती मंडळीच्या पूर्ववयात सहकार्य ठरते आणि उत्तरवयात भार ठरते. कर्ज लवकर फेडणे हे सद्गुणाचे लक्षण आहे की नाही, हा प्रश्न या संस्थेत व्यक्तीच्या शीलावरून सुटत नाही; सहसंचयक कोणत्या अवस्थेत आहेत यावरून सुटतो.

सहसंचयकांच्या मदतीने लवकर मोकळे होण्याचा एक निर्दोष मार्ग मात्र या रचनेत अंतर्भूत होता, तो म्हणजे वजावटीचा. सात वर्षे भरलेल्या आणि न उचललेल्या भागाचे मोल वरील नमुन्यात सुमारे ४९ पौंड होते, तर उचललेल्या भागावरील बाकी साडेपस्तीस पौंड. ज्याच्यापाशी दोन्ही प्रकारचे भाग असतील, किंवा ज्यास एखादा सहसभासद आपला न उचललेला भाग योग्य मोबदल्यात देईल, त्यास या दोहोंची वजावट करून गहाण सोडविता येईल आणि वर सुमारे तेरा पौंड शिल्लक उरतील. यात मंडळीत नवा पैसा येत नाही, म्हणून तो पडून राहण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. एकाचे थांबणे दुसऱ्याच्या सुटकेस सरळ लागू पडते. मंडळीचे तत्त्व याहून स्वच्छ रीतीने क्वचितच दिसेल.

५. दोन उपाय

या अडचणींवर एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात दोन भिन्न दिशांनी उपाय सुचविले गेले.

लंडनच्या पॉप्लर भागातील वैद्य टॉमस बोकेट यांनी १८४३ मध्ये व्याजच वगळण्याची योजना मांडली. अल्प वर्गणी जमवावी, चिठ्ठीने ज्याचे नाव निघेल त्यास बिनव्याजी रक्कम द्यावी, त्याने ती हप्त्यांनी परत करावी, असा तिचा आराखडा होता. १८६२ पासून रिचर्ड स्टार यांनी तिच्यात फेरबदल करून तिचा मोठा प्रसार केला. व्याज नसल्यामुळे बाकीचा हिशेब निःसंशय सोपा झाला. अठरा उरले म्हणणाऱ्याचे म्हणणे येथे बरोबर ठरले असते. परंतु थांबण्याचा मोबदला नाहीसा झाल्याने ज्याची चिठ्ठी आधी निघाली त्याचा लाभ आणि ज्याची शेवटी निघाली त्याची हानी, असा प्रकार झाला. काळाचे मोल हिशेबातून काढून टाकता येते, व्यवहारातून नाही. १८९४ च्या कायद्याने नव्या मंडळ्यांत चिठ्ठीने कर्ज देण्यास बंदी घातली.

दुसरा उपाय अधिक यशस्वी ठरला. १८४५ मध्ये लंडनात स्थापन झालेली ‘मेट्रोपॉलिटन इक्विटेबल’ ही पहिली स्थायी मंडळी मानली जाते. तिच्या कल्पनेशी जेम्स हेन्री जेम्स यांचे नाव निगडित आहे, आणि तिची शास्त्रीय मांडणी विमागणिती आर्थर स्क्रॅचली यांनी १८४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केली. स्थायी मंडळीत संचयक आणि कर्जदार हे दोन निराळे वर्ग झाले. कर्जदाराची मुदत मंडळीच्या आयुष्याशी बांधलेली राहिली नाही. ती त्याच्या स्वतःच्या गहाणखताच्या दिवसापासून मोजली जाऊ लागली. नवे सभासद केव्हाही येऊ शकत असल्याने रांग कधी संपत नसे आणि मंडळीस उतारवय येत नसे. कोणत्या वर्षी किती रक्कम भरल्यास गहाण सुटेल याचे कोष्टक आधीच छापून देता येऊ लागले. मुदतपूर्व फेड ही आता मागे राहिलेल्यांशी करावयाची घासाघीस राहिली नाही. कोष्टकात बोट ठेवावे, तेवढी रक्कम भरावी आणि पावती घ्यावी, इतके ते काम सुकर झाले.

पुढे स्टॅफर्ड नॉर्थकोट यांच्या अध्यक्षतेखालील शाही आयोगाने या मंडळ्यांची तपासणी केली, आणि १८७४ च्या कायद्याने त्यांना स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व व सभासदांची मर्यादित जबाबदारी प्राप्त झाली. विसर्जनशील मंडळ्या एकदम नाहीशा झाल्या नाहीत. त्यांपैकी अखेरची सॉल्झबरी येथील मंडळी १९८० मध्ये मिटली. परंतु भविष्य स्थायी मंडळीचे होते, यात शंका नाही.

६. लाभ आणि हानी

स्थायी मंडळीने कर्जदारास न्याय्य गणित दिले, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि या लाभाची किंमत कोणती पडली, हेही पाहणे अगत्याचे आहे. विसर्जनशील मंडळीत संचयकास आपला पैसा कोणाच्या घरात गेला हे ठाऊक असे. ते घर तो येता-जाता पाहत असे. एखाद्याची वर्गणी थकली तर त्याचा परिणाम आपल्या मुदतीवर होईल हे जाणून तो लक्ष ठेवीत असे. स्थायी मंडळीत हा संबंध सुटला. संचयकाचे लक्ष व्याजाच्या दराकडे आणि कर्जदाराचे हप्त्याच्या तारखेकडे लागले. मधला कारभार संचालकांच्या हाती गेला.

याचे दारुण उदाहरण १८९२ मध्ये घडले. जेबेझ बॅल्फोर याने १८६८ मध्ये स्थापन केलेली ‘लिबरेटर’ ही त्या काळी देशातील सर्वांत मोठी मंडळी बनली होती. तिचा पैसा सामान्य माणसाच्या घरांऐवजी संचालकांशी संबंधित अशा बांधकाम कंपन्यांत गेला होता. ती कोसळली तेव्हा हजारो अल्प संचयकांचे आयुष्यभराचे धन बुडाले. १८९४ चा कायदा हा त्याच आघाताचा परिणाम होय. अर्थात लहान मंडळ्यांतही अपहार होत, हे वर सूचित केलेच आहे. परंतु तेथे बुडणाऱ्यास निदान काय बुडाले हे दिसत असे.

७. भारतीय संदर्भ

हा विषय आपणास सर्वस्वी परका नाही. आपल्याकडील भिशीत, विशेषतः बोली लावून उचलावयाच्या भिशीत, हेच तत्त्व आहे : जो आधी उचलतो तो सूट सोडतो, जो थांबतो त्यास त्या सुटीचा वाटा मिळतो. मद्रास इलाख्यातील निधींचा संबंध तर याहून निकटचा आहे. फ्रेडरिक निकल्सन यांनी कृषिपतपुरवठ्यासंबंधी आपला अहवाल सादर केला (पहिला खंड १८९५, दुसरा १८९७) तेव्हा त्यांनी या निधींचाही परामर्श घेतला. त्यांतही आधी विसर्जनशील आणि मग स्थायी असाच क्रम दिसतो; १८७२ मध्ये स्थापन झालेल्या मैलापूरच्या निधीच्या नावातच ‘पर्मनंट’ हा शब्द आहे, तो या स्थित्यंतराचा साक्षी होय. मुंबई इलाख्यात शेतकऱ्यांची जुनी गहाणे सोडविण्यासाठी १९३५ मध्ये प्रांतिक सहकारी भूतारण बँक स्थापन झाली तेव्हा तिचे भांडवल मुख्यतः कर्जरोख्यांतून उभे राहावयाचे होते. येथे सहसंचयकाची जागा अनोळखी रोखेधारकाने घेतली. इंग्लंडात जे स्थित्यंतर पाऊणशे वर्षांत झाले ते येथे आरंभीच गृहीत धरले गेले.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्ट निष्पन्न होते. विसर्जनशील मंडळी मोडली ती सभासदांच्या बेशिस्तीमुळे नव्हे किंवा सहकार्याच्या अभावामुळेही नव्हे. आरंभ आणि अंत सर्वांसाठी एकच असलेल्या संस्थेत एकट्याने लवकर सुटण्याचा हक्क बसविणे तिला जमले नाही. त्या हक्काची न्याय्य किंमत ठरविण्यासाठी जी रचना शोधली गेली तिने तो हक्क सर्वांना सुलभ केला, पण ज्यांच्या थांबण्याने तो शक्य होत होता त्यांना दृष्टीआड केले. गहाणखताच्या पाठीवरील पावतीवर विश्वस्तांची सही असे. ज्या नव्वदांनी वाट पाहिली त्यांची नावे तीवर कधीच नव्हती. सहकारी पतसंस्थांचा इतिहास लिहिताना कर्ज किती दिले आणि किती फिटले याची कोष्टके आपण तयार करतो. त्यांबरोबर कोण किती काळ थांबले याचाही हिशेब मांडला गेला, तर त्या इतिहासाची दुसरी बाजू प्रकाशात येईल.